सब्जाचे बी आणि कासाडीचे पाणी

निळ्या कोल्ह्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पंचतंत्रातील हा कोल्हा कुत्र्यांच्या भीतीने पळत सुटतो, रंगाऱ्याच्या घरात शिरतो आणि निळीच्या हौदात पडतो. बाहेर येतो तो निळाभोर होऊन! मग तो जंगलाचा राजा होऊन बसतो. मौलाना रूमी यांच्या मसनवीतही रंगाच्या हौदात पडलेला एक कोल्हा आहे. तो तर स्वतःला मोरच म्हणवून घेतो.

या झाल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या गोष्टी. पण ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेल तालुक्यातील तळोजे येथे लोकांनी खरोखरच निळी कुत्री पाहिली. तळोज्याला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे. औषधे, रसायने, रंग, यंत्रे, खाद्यपदार्थ असे नाना प्रकारचे कारखाने तिच्यात आहेत. या भागातून कासाडी नावाची नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. त्या पावसाळ्यात वसाहतीच्या रस्त्यांवर निळ्या अंगाची कुत्री फिरू लागली. त्यांची छायाचित्रे परदेशातील वर्तमानपत्रांतही छापून आली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली आणि रंग बनवणाऱ्या एका कारखान्याला काम थांबवण्याचा आदेश दिला. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढेही गेला. न्यायाधिकरण म्हणजे ठरावीक प्रकारचे खटले चालवणारे न्यायालय.

कुत्र्यांच्या अंगावरचा रंग धुतल्यावर निघत होता. बरे झाले! पण धुतलेला रंग गेला कुठे? तो पाण्यात गेला. पाण्यातला रंग धुवायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

रंग पाण्यातून काढणे एवढे अवघड का असते, ते आधी पाहू. पूर्वी आपले रंगारी, ज्यांना उर्दूत आपण रंगरेज म्हणतो, नीळ, मंजिष्ठ, हळद, डाळिंबाची साल अशा वस्तूंपासून कापड रंगवत. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचे क्विनाइन हे औषध प्रयोगशाळेत तयार करण्याची खटपट करत होता. औषध काही झाले नाही. हाती आला एक सुंदर जांभळा रंग. तो डांबरापासून मिळणाऱ्या रसायनापासून झाला होता. त्यानंतर असे कृत्रिम रंग हजारोंनी तयार झाले. आज आपल्या अंगावरचे बहुतेक कपडे याच रंगांनी रंगवलेले असतात.

आता विचार करा. नवीन सदरा घेताना आपण दुकानदाराला काय विचारतो? ‘‘रंग जाणार नाही ना?’’ तो साबणाने जाऊ नये, उन्हात विटू नये, घामाने उतरू नये, अशी आपली इच्छा असते. रसायनशास्त्रज्ञांनी ती पुरी केली. मात्र कापडावर चिवट असलेला रंग नदीतही तितकाच चिवट असतो. ऊन, हवा आणि जिवाणू यांना तो दाद देत नाही. शिवाय हौदातला सगळा रंग कापडावर बसत नाही. रंग कोणता आणि धागा कोणता यावर ते अवलंबून असते. सुती कापडाच्या काही रंगांचा तर तिसरा हिस्साही धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो.

रंग दिसायला किती लागतो? काही रंग एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असले तरी डोळ्यांना दिसतात. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या बारीक पंधरा-वीस दाण्यांचे वजन. पाणी रंगीत झाले की सूर्यप्रकाश खोलवर पोचत नाही. पाण्यातल्या वनस्पतींना अन्न तयार करता येत नाही, त्यामुळे पाण्यात प्राणवायूही कमी सुटतो आणि मासे गुदमरतात. काही रंग विघटन होताना विषारी द्रव्ये तयार करतात. अझो जातीचे काही रंग कर्करोगाला कारण होऊ शकतात, म्हणून भारत सरकारने १९९७ मध्ये अशा अनेक रंगांवर बंदी घातली.

तळोज्यात कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी सर्वांचे मिळून एक सामाईक केंद्र आहे. दररोज सुमारे सव्वादोन कोटी लिटर पाणी घेण्याच्या क्षमतेचे हे केंद्र आहे. अशा केंद्रांत साधारणपणे काय करतात? पावसाळ्यात आपली आई गढूळ पाण्यात तुरटी फिरवते, तसेच येथे पाण्यात चुना, तुरटी यांसारखी द्रव्ये टाकतात. घाण गोळा होऊन तळाशी बसते. मग पाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते पाण्यातले सडणारे पदार्थ खाऊन टाकतात. पण रंग हे काही जिवाणूंचे आवडते अन्न नव्हे! म्हणून बऱ्याचदा पाणी निवळते, तरी त्याची छटा राहते. ती काढण्यासाठी विशेष प्रकारचा कोळसा वापरतात किंवा अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी दाबाने गाळतात. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण खर्चिक आहेत.

याच ठिकाणी शास्त्रज्ञांना वनस्पतींची आठवण झाली.

आता जरा स्वयंपाकघरात जाऊ. रमजानच्या महिन्यात इफ्तारच्या वेळी घरी फालुदा किंवा सरबत होते. त्यात सब्जाचे बी घालतात. उर्दूत आपण त्याला तुख्मे-रैहान म्हणतो. कोरडे बी मोहरीसारखे बारीक आणि काळे असते. पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. भेंडी चिरताना हाताला लागतो तो चिकट पदार्थही याच जातीचा. इसबगोल पाण्यात फुगतो तोही असाच. हकीमसाहेब या बुळबुळीत पदार्थाला लुआब म्हणतात. मराठीत आपण बुळबुळ म्हणतो. पाणी धरून ठेवणारा असा लिबलिबीत पदार्थ म्हणजे जेल.

जेलच्या आत असते तरी काय? कोळ्याचे जाळे डोळ्यांसमोर आणा. जाळ्यात लांब दोरे असतात आणि ते जागोजागी गाठींनी बांधलेले असतात. जेलमध्ये दोऱ्यांच्या जागी साखरेच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी असते. या साखळ्या काही ठिकाणी एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या झाल्या गाठी. पाणी आत शिरले की जाळे ताणले जाते, फुगते. पण गाठी असल्यामुळे ते विरघळून जात नाही. साखर पाण्यात नाहीशी होते आणि सब्जाचा गोळा मात्र तसाच राहतो, तो या गाठींमुळे.

जाळे इतके फुगते कशामुळे, हेही समजून घेण्यासारखे आहे. सब्जाच्या साखळ्यांवर जागोजागी ऋण प्रभार असतो. सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. सगळ्या साखळ्या ऋण प्रभाराच्या! त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधल्या जागेत पाणी शिरते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास मक्याच्या स्टार्चवर प्रक्रिया करून आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ बनवला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केले. ते वनस्पतींतील सेल्युलोजपासून केलेले आहे आणि कोरडवाहू शेतात ओल टिकवण्यासाठी वापरतात. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरणारे जेल.

पाणी धरणारे जाळे रंग कसे धरेल? त्यासाठी शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करून पाहा.

गालाच्या आतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग असतो. एक पेला पाण्यात त्याचे एक-दोन थेंब टाका. पाणी आकाशासारखे निळे झाले की ते दोन पेल्यांत अर्धे अर्धे ओता. एका पेल्यात अर्धा तास भिजवून फुगवलेले एक चमचा सब्जाचे बी टाका. दुसरा पेला तसाच ठेवा. अधूनमधून ढवळा. तासाभराने दोन्ही पेले पांढऱ्या कागदासमोर धरा. सब्जाच्या पेल्यातले पाणी फिकट झालेले दिसेल आणि बियांभोवतीची बुळबुळ निळी झालेली दिसेल. हात सांभाळा बरे का! हा रंग बोटांना लागला की दोन-तीन दिवस जात नाही. आणि प्रयोगातले बी चुकूनही तोंडात टाकू नका.

मेथिलीन ब्लूच्या रेणूवर धन प्रभार असतो. सब्जाच्या साखळीवर ऋण प्रभार असतो. विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात, म्हणून निळा रंग साखळीला जाऊन चिकटतो. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटावा, तसा. एखादा पदार्थ दुसऱ्याच्या पृष्ठभागाला असा चिकटून बसतो, त्याला अधिशोषण म्हणतात. शोषण आणि अधिशोषण हे शब्द दिसायला सारखे असले तरी त्यांच्यात फरक आहे. फडके पाणी शोषून घेते, पण पिळले की सगळे पाणी परत देते. चिकटलेला रंग मात्र नुसत्या पिळण्याने सुटत नाही. जेलमध्ये दोन्ही क्रिया होतात. पाण्याबरोबर रंग आत येतो आणि आतल्या साखळ्यांना चिकटतो. साध्या कणाला रंग फक्त बाहेरून चिकटतो, तर फुगलेल्या जेलचे आतले सगळे दोरे रंगाला मोकळे असतात. जेलचे बळ यात आहे.

हाच प्रयोग ईओसिन या लाल रंगाने करून पाहा. पाणी जवळजवळ तसेच लाल राहील. कारण ईओसिनवर ऋण प्रभार आहे. सब्जा त्याला जवळ करत नाही.

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही आपल्या राज्यातील कापडाची मोठी केंद्रे. सुती कापडासाठी सध्या जे रंग सर्रास वापरतात, त्यांतील बहुतेकांवर ईओसिनसारखाच ऋण प्रभार असतो. म्हणजे मेथिलीन ब्लू छान पकडणारे जेल कापडाच्या रंगापुढे हात टेकेल! त्या रंगांसाठी धन प्रभार असलेले जाळे हवे. स्टार्च किंवा सेल्युलोजच्या साखळीला नायट्रोजन असलेले काही गट जोडले की ते तसे बनते. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसॅन या पदार्थातही हा गुण आहे, पण तो काही वनस्पतीतून येत नाही. प्रयोगशाळेतल्या जेलने निळे पाणी स्वच्छ केले अशी बातमी वाचली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की तो निळा रंग कोणता होता?

जेल बनवण्यासाठी कितीतरी वनस्पती उपयोगी पडतात. गवारीच्या बियांचा डिंक, बटाट्याचे किंवा मक्याचे स्टार्च, संत्र्या-मोसंबीच्या सालींतील पेक्टिन, भाताच्या पेंढ्यातील आणि उसाच्या चिपाडातील सेल्युलोज. आपल्या ओळखीचा चिंचोकाही या यादीत आहे. आपल्याकडचे विणकर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. गवारीचा डिंक आणि चिंचोक्याची पूड कापडावर छपाई करताना रंग घट्ट करण्यासाठी गिरणीतही वापरतात. गंमत पाहा, जो पदार्थ कापडावर रंग बसवायला मदत करतो, त्याच पदार्थापासून पाण्यातला रंग उतरवणारे जेल होते. या दोन्हींपासून केलेली जेल शास्त्रज्ञांनी रंगीत पाण्यावर तपासली आहेत. मला स्वतःला साली, पेंढा, चिपाड हे पदार्थ जास्त योग्य वाटतात, कारण त्यांच्यासाठी कुणाच्या ताटातले अन्न काढून घ्यावे लागत नाही.

मात्र ‘वनस्पतीपासून बनवलेले’ एवढ्या नावावर भुलू नये. गवारीचा नुसता डिंक पाण्यात टाकला तर तो विरघळून पाणीच चिकट होईल. त्याला गाठी माराव्या लागतात. पुष्कळ वेळा त्याला खनिज तेलापासून केलेल्या साखळ्यांचे कलम करतात, आंब्याला करतात तसे. अशा जेलमध्ये वनस्पतीचा भाग निम्म्याहून कमीही असू शकतो. वनस्पतीचा भाग मातीत कुजतो, कलमाचा भाग सहजी कुजत नाही.

आता थोडे गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका रंगाऱ्याच्या कारखान्यातून रोज एक लाख लिटर पाणी निघते आणि दर लिटरला ५० मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोज ५ किलो रंग. समजा, आपले एक ग्रॅम कोरडे जेल ५०० मिलिग्रॅम रंग धरते. तर १० किलो जेल पुरे. किती सोपे! पण हे झाले प्रयोगशाळेच्या स्वच्छ पाण्याचे गणित. सुती कापड रंगवताना धाग्यावर रंग नीट बसावा म्हणून हौदात भरपूर मीठ घालतात. मिठाच्या पाण्यात जेल आक्रसते. शिवाय मिठाचे कण साखळीवरच्या जागा अडवतात. तुमच्या निळ्या झालेल्या सब्जात चमचाभर मीठ टाका आणि ढवळा. थोडासा निळा रंग पाण्यात परत आलेला दिसेल. अशा खऱ्या सांडपाण्यात एक ग्रॅम जेलने ५० मिलिग्रॅमच रंग धरला, तर रोज १०० किलो जेल लागेल. ते आपल्या वजनाच्या वीस पट पाणी पिऊन बसले, तर संध्याकाळी २ टन रंगीत लगदा तयार!

या लगद्याचे काय करायचे? येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जेल रंग नाहीसा करत नाही. तो पाण्यातून काढून आपल्यात ठेवतो, एवढेच. लगदा नदीकाठी टाकला, तर पहिल्या पावसात रंग पुन्हा नदीत जाईल. म्हणून शास्त्रज्ञ जेल पुन्हा वापरण्याच्या मागे लागले आहेत. सौम्य आम्लाने, मिठाच्या पाण्याने किंवा अल्कोहोलने धुतले की जेलमधला बराच रंग सुटतो आणि तेच जेल पुन्हा कामाला लावता येते. दर वेळी त्याची शक्ती थोडी कमी होत जाते. धुवून निघालेला रंग थोड्या पाण्यात, पण दाट असतो. एक लाख लिटर फिक्या पाण्यापेक्षा काही बादल्या दाट पाणी सांभाळणे सोपे, नाही का? काही ठिकाणी जेलमध्येच टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण मिसळून पाहतात. त्यांच्यावर प्रकाश, विशेषतः उन्हातले अतिनील किरण पडले की पकडलेल्या रंगाचे रेणू मोडू लागतात. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशींनाही रंग मोडता येतो. त्या जेलमध्ये वाढवून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

तळोज्यासारख्या केंद्रातील सव्वादोन कोटी लिटर पाण्यासाठी आज जेल हा उपाय नाही. तेथे रंगाबरोबर आम्ले, तेले, औषधांचे अंश असे शंभर पदार्थ येतात. पण भिवंडीच्या गल्लीत दोन हौद मांडून बसलेल्या रंगाऱ्याला मोठे केंद्र परवडत नाही. त्याच्या नालीच्या तोंडाशी जेलने भरलेले एक पिंप ठेवता आले, तर ते त्याच्या आवाक्यातले ठरेल. त्याच्याकडे रंग ठरावीक असतात, म्हणून जेलही ठरवून निवडता येईल. पिंप भरल्यावर ते कोण नेणार, कुठे नेणार, याची व्यवस्था आधी हवी. तळोज्यातच कारखान्यांच्या धोकादायक घनकचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र आहे. तेथे पोचवायचे, तर वाहन हवे, परवाना हवा, पैसे हवेत. रसायनशास्त्राचे कोडे सुटले तरी हा हिशोब कुणालातरी करावाच लागेल.

आणि हो, तुमच्या प्रयोगातले निळे सब्जाचे बी मोरीत ओतू नका. पाणी गाळून ते जुन्या ताटलीत पसरा आणि उन्हात ठेवा. दोन दिवसांत पाणी उडून जाईल आणि एवढ्या मोठ्या गोळ्यांच्या जागी चिमूटभर निळे दाणे उरतील. गाळलेले पाणी आणि ते दाणे कागदावर नाव लिहून प्रयोगशाळेतील शिक्षकांकडे द्या.